सही जुळत नाही

बँकेच्या काउंटरवर बसणारा माणूस मुळात वेदान्ती असतो. ऋषिमुनींनी हिमालयात जाऊन जो प्रश्न स्वतःला विचारला, तोच आम्ही कामाच्या वेळात दुसऱ्यांना विचारतो. 'तू कोण?' फरक इतकाच, की ऋषींना उत्तराची घाई नव्हती आणि आम्हाला उत्तराची झेरॉक्स लागते. तीही खाली सही केलेली. जन्मलेले मूल 'कोऽहम्, कोऽहम्' असे रडते म्हणतात. बरोबरच आहे. पुढे आयुष्यभर आपल्याला आधार कार्ड आणि पॅन कार्ड दाखवत हिंडायचे आहे, याची त्या बिचाऱ्याला आधीच कुणकुण लागलेली असणार.

मी साधा बी. कॉम. माणूस. तत्त्वज्ञान म्हणजे जमेची बाजू आणि नावेची बाजू, आणि शेवटी दोन्हींची बेरीज सारखी आली की मोक्ष, एवढीच माझी समजूत. पण एकाच आठवड्यात माझ्यावर दोन प्रसंग असे आले, की बेरीज काही जुळेना. एक प्रसंग बँकेत घडला, दुसरा घरी. पहिल्यात मी दारात उभा राहून दुसऱ्याला अडवले. दुसऱ्यात मला अडवले. क्रमानेच सांगतो.

गुरुवारी दुपारी गुरुजी आले. शाळेत ते आम्हाला चित्रकला शिकवायचे आणि चित्रकलेच्या तासाला सुलेखनही करून घ्यायचे. अक्षराचा काना जरा कलला, तर आमचा कान पिळून तो सरळ करीत. आता वय ऐंशीच्या पुढे. निवृत्तिवेतन आमच्याच शाखेत जमा होते. त्यांनी पैसे काढण्याची स्लिप पुढे सरकवली. मी स्क्रीनवर नमुना सही काढली. ती वीस वर्षांपूर्वीची, काय डौलदार सही! पहिले अक्षर म्हणजे मोरच. आणि स्लिपवर? त्याच मोराला कोणीतरी पावसात भिजवून झाडावर वाळत घातले होते.

"गुरुजी, सही जुळत नाही," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा केली. मग तिसऱ्यांदा केली. तिसरी तर पहिल्या दोघींशीही जुळेना. मागे रांगेत चौदा माणसे होती (बँकेतला माणूस हिशेब करतो तो रांगेचाही करतो), आणि त्यांतले दोघे घसा साफ करू लागले होते.

"उद्या मुलाला घेऊन या, बघू," मी म्हणालो.

गुरुजी स्लिपकडे बघत म्हणाले, "सही माझीच आहे रे. हात माझा राहिला नाही." आणि छत्री उचलून निघून गेले. उद्या ते आले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, तू त्यांना ओळखत होतास ना? ओळखत होतो. माझा डावा कान त्यांना आजही ओळखतो. पण मी ओळखणे वेगळे आणि बँकेने ओळखणे वेगळे. 'ओळखीचा माणूस' म्हणून सही न ताडता पैसे दिले आणि मग पुढे सहा महिने लेखी खुलासे देत बसले, असे कारकून कुठल्याही बँकेत सापडतील. ओळख हा फार सुंदर गुण आहे, पण ऑडिटच्या वेळी त्याचे व्हाउचर दाखवता येत नाही. तेव्हा मी केले ते बरोबरच, असे स्वतःला समजावत मी घरी आलो. शुक्रवारीही समजावले. दोन दिवस समजवावे लागते, तिथे काहीतरी चुकलेले असते, हे मला तेव्हा सुचले नाही.

मग आला दुसरा शनिवार. २०१५ सालच्या सप्टेंबरपासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुटी मिळू लागली. तेव्हापासून माझ्या घरातल्या वस्तूंना महिन्यातले हे दोन दिवस फार धोक्याचे जातात. एका शनिवारी मी मिक्सर दुरुस्त केला होता. नवा मिक्सर चांगला चालतो. या शनिवारी पाळी होती संगणकाची.

आमचा संगणक दहा वर्षांचा. चिरंजीव इंजिनिअरिंगला पुण्याला जाताना त्यावर लिनक्स घालून गेले. "बाबा, हे फुकट आहे आणि म्हाताऱ्या मशीनवर चांगलं चालतं," असे म्हणताना त्याने मशीनकडे पाहिले की माझ्याकडे, हे मी मुद्दामच पाहिले नाही. फुकट या शब्दाने मी जिंकला गेलो. पुढे थोडे वाचलेही. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची या दोघांनी १९६९ साली अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजमध्ये युनिक्स नावाची प्रणाली सुरू केली. तिच्या धर्तीवर लायनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडमधल्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स रचायला घेतली. एकविसाव्या वर्षी मी बँकेच्या परीक्षेसाठी पंचवीसपर्यंतचे पाढे पाठ करत होतो. असो. पुढे लिनक्सची गाण्यासारखी घराणी झाली. डेबियन १९९३ चे, उबुंटू २००४ चे. आमच्याकडे कुठले घराणे होते ते सांगत नाही, कारण पुढे जे झाले त्यात घराण्याचा दोष नव्हता. गवयीच कच्चा होता.

जुनी डिस्क भरत आली होती. मी नवी डिस्क आणली, बसवली आणि माझ्या नावाचा जो कप्पा होता, ज्याला ही मंडळी 'होम' म्हणजे घरच म्हणतात, तो सगळा नव्या डिस्कवर हलवायला काढला. बिऱ्हाड हलवण्याचा मला अनुभव आहे. माझ्या चार बदल्या झाल्या आहेत. पण इथे जरा काही उचलायला जावे, की 'परवानगी नाही' असे उत्तर. तेव्हा मला चिरंजीवाने शिकवून ठेवलेला मंत्र आठवला: सुडो.

या सुडोचे प्रकरण बँकेच्या माणसाने नीट समजून घेण्यासारखे आहे. युनिक्समध्ये एक सर्वाधिकारी असतो, त्याचे नाव रूट. मूळपुरुषच म्हणा. यंत्र माणसांना नावाने ओळखत नाही, नंबराने ओळखते. माझा नंबर १०००, रूटचा नंबर शून्य. सर्व सत्ता शून्यापाशी, हे शंकराचार्यांनाही आवडले असते. रूट कुणाचीही फाईल उघडू शकतो, बदलू शकतो, पुसू शकतो. आमच्या बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन माणसांकडे असतात. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने मंजूर करायची. इथे सगळा कारभार एकहाती! १९८० च्या सुमारास अमेरिकेत बफेलो इथल्या विद्यापीठात सुडो हा प्रोग्रॅम लिहिला गेला. त्यामुळे साध्या माणसाला एका कामापुरते रूटचे अधिकार उसने मिळू लागले. पहिल्यांदा वापरताना तो एक छोटेसे प्रवचनही देतो. दुसऱ्याच्या खाजगीपणाचा मान ठेवा, टंकण्याआधी विचार करा आणि मोठ्या सत्तेबरोबर मोठी जबाबदारी येते, असे तीन मुद्दे. मी ते प्रवचन ज्या भक्तिभावाने ऐकायचे, त्याच भक्तिभावाने ऐकले. म्हणजे एन्टर दाबला.

सुडो म्हटल्याबरोबर सगळे दरवाजे उघडले. सामान सरसर नव्या घरात गेले. मी हिला हाक मारून म्हटले, "बघ, दीड तासात अख्खं बिऱ्हाड हललं. एक कपबशी फुटली नाही."

"आता चालू करून दाखवा," ही म्हणाली. बायका असल्या वेळी नेमके तेच म्हणतात.

मी यंत्र बंद करून सुरू केले. नाव आले. पासवर्ड टाकला. पडदा क्षणभर काळा झाला, आणि पुन्हा तेच दार, तेच नाव, तोच पासवर्डचा रिकामा चौकोन. मला वाटले, बोट चुकले. पुन्हा टाकला. पुन्हा काळोख, पुन्हा दार. मग मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकून पाहिला. त्याबरोबर यंत्राने 'पासवर्ड चुकीचा' असे स्वच्छ सांगितले. म्हणजे बरोबर कोणता ते त्याला ठाऊक होते! चुकीच्या माणसाला ते चुकीचा म्हणत होते आणि बरोबर माणसाला 'या, बसा' म्हणून आत घेऊन मागच्या दाराने पुन्हा अंगणात आणून सोडत होते. मी चौदा वेळा आत गेलो आणि चौदा वेळा बाहेर आलो. चुकीचा ठरण्यात निदान एक निकाल असतो. बरोबर असूनही बाहेर राहण्यात तोही नाही.

"अहो, त्याला सांगा तरी तुम्ही कोण ते," ही म्हणाली.

"तेच सांगतोय सकाळपासून!" मी ओरडलो, आणि ओरडताना माझाच आवाज मला ओळखीचा वाटला. असेच काहीतरी कोणीतरी मला सांगितले होते. गुरुवारी. फक्त त्यांनी आवाज चढवला नव्हता.

रात्री चिरंजीवाला फोन लावला.

"बाबा, कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-तीन एकदम दाबा."

दाबले. सगळी चित्रे, रंग, खिडक्या गेल्या आणि काळ्या पाटीवर पांढरी अक्षरे आली. तिथे नाव टाकले, पासवर्ड टाकला. टाकताना एकही टिंब उमटेना. मला वाटले कीबोर्डही गेला. "टिंबं दिसत नाहीत तिथे, टाका बिनधास्त," चिरंजीव म्हणाले. एन्टर दाबला आणि काय सांगू, मी आत होतो! पुढच्या दाराने चौदा वेळा बाहेर काढलेला माणूस स्वयंपाकघराच्या दाराने पहिल्या फटक्यात आत. साधेसुधे काळे दार, पण त्याने काही नखरा केला नाही.

"आता तुमच्या घरातल्या फाईली कुणाच्या नावावर आहेत बघा."

मी यादी काढली. प्रत्येक ओळीत मालकाच्या रकान्यात एकच नाव होते: रूट, रूट, रूट. पत्रे रूटची. हिच्या माहेरच्या लग्नाचे फोटो रूटचे. माझे गेल्या वर्षीचे प्राप्तिकराचे विवरणपत्र, जे घ्यायला कोणी शहाणा तयार होणार नाही, तेही रूटचे. मी आजवर दिलेल्या आज्ञांचा इतिहास एका फाईलीत असतो. ती उघडू गेलो तर 'परवानगी नाही'. माझा इतिहास आणि मलाच वाचायला बंदी!

"सामान हलवताना सुडो लावलं होतं का?"

"लावलं होतं. त्याशिवाय हलेना."

"आणि कॉपी करताना नुसतं 'आर' लावलं. 'ए' लावलं असतं तर मालकाचं नावही जसंच्या तसं आलं असतं. बाबा, रूटनं केलेली कॉपी रूटची होते."

एका अक्षराचा फरक! पण मला त्या एका वाक्यात जे कळले ते कुठल्या प्रवचनात कळले नव्हते. मी उसन्या अधिकाराने काम केले आणि ज्याचा अधिकार त्याच्या नावावर ते काम लागले. घर माझे, सामान माझे, हलवणारे हातही माझे. दप्तरी मालक मात्र दुसरा. आणि पुढच्या दाराचे कोडेही उलगडले. चित्रांचा तो दरबार भरण्याआधी यंत्राला माझ्या घरात दोनचार चिठ्ठ्या लिहून ठेवाव्या लागतात. घर रूटच्या नावावर, त्यामुळे माझ्या नावाने तिथे चिठ्ठी लिहिता येईना. दरबार मोडायचा आणि मी अंगणात. काळ्या दाराला चिठ्ठ्यांची गरज नव्हती, म्हणून ते उघडले. यंत्राने एकदाही खोटेपणा केला नव्हता. किल्ली खरी आहे हे त्याने मान्य केले होते. फक्त दाराच्या मागचे घर माझे राहिले नव्हते, आणि ते घालवणारा मीच होतो.

मालक बदलण्याची एक आज्ञा असते, तिचे नाव चोन. पुन्हा सुडो म्हणून, पण या वेळी टंकण्याआधी खरोखरच विचार करून, मी सगळे घर परत माझ्या नावावर केले. एक ओळ. कुठला स्टॅम्प पेपर नाही की दुय्यम निबंधक नाही. पुढच्या दारी गेलो, पासवर्ड टाकला, आणि हिच्या माहेरचे लग्न पडद्यावर झळकले. इतक्या आनंदाने मी ते लग्न प्रत्यक्षातही पाहिले नव्हते.

"आणि मी पासवर्डच विसरलो असतो तर?" मी विचारले.

"तर मशीन सुरू होताना दुरुस्तीच्या वाटेनं रूट होऊन आत जायचं आणि नवा द्यायचा. डिस्कला वेगळं कुलूप नसेल तर समोर बसलेला कोणीही करू शकतो."

"म्हणजे रूटला माझा पासवर्ड कळतो?"

"नाही बाबा. तो कुणालाच कळत नाही. रूट नवा देऊ शकतो, जुना सांगू शकत नाही."

यामागे एक गोष्ट आहे. अमेरिकेत एमआयटी या संस्थेत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अनेकांनी मिळून वापरायच्या संगणकावर पासवर्ड आला. पण तिथे सगळ्यांचे पासवर्ड एका फाईलीत जसेच्या तसे लिहिलेले असत. १९६२ साली ॲलन शेर नावाच्या संशोधकाने, आपल्या वाट्याचा संगणकाचा वेळ पुरत नाही म्हणून, ती फाईलच छापून घेतली. पुढे युनिक्सवाले शहाणे झाले. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ साली त्याची पद्धत लिहून प्रसिद्ध केली. आपला पासवर्ड म्हणजे गहू. यंत्र तो दळते आणि पीठ तेवढे ठेवते. पुढच्या वेळी आपण पुन्हा गहू द्यायचे, ते पुन्हा दळते आणि पिठाशी पीठ ताडते. पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत. मालकालाही नाही, रूटलाही नाही. आणि दोघांनी एकच गहू दिले तरी पीठ सारखे निघू नये म्हणून दळताना त्यात थोडे मीठ घालतात. थट्टा नाही, इंग्रजीत त्याला 'सॉल्ट'च म्हणतात.

त्या रात्री मला झोप आली नाही. यंत्र उघडले होते, मी बंद पडलो होतो. प्रश्न असा होता: बरोबर माणसाला दारात थांबवले, तर दोष कोणाचा? यंत्राला मी दोष देऊ शकत नव्हतो. त्याने नियम पाळला. मग मीही नियमच पाळला होता, मग मला झोप का येऊ नये?

पहाटे तीनच्या सुमारास उत्तर मिळाले आणि ते मला आवडले नाही. यंत्राला एक काळे दार होते. आणि ते दार दाखवणारा एक माणूस फोनवर होता. आमच्या बँकेलाही काळे दार आहे. हात थरथरणाऱ्या, आजारी, वृद्ध खातेदारासाठी रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. सही जमत नसेल तर अंगठा घ्यावा, हाताचा जमत नसेल तर पायाचाही चालतो, बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार असावेत आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. सही बदलली असेल तर ओळख पटवून नवा नमुना देता येतो. हे सगळे मला ठाऊक होते. बावीस वर्षांच्या नोकरीत एवढेही ठाऊक नसेल तर मी काउंटर काय, स्टूलही उचलू नये. गुरुवारी मला नियमाने अडवले नव्हते. रांगेत चौदा माणसे होती, आणि ते दार दाखवायला दहा मिनिटे लागली असती. दहा मिनिटे वाचवली मी. नाव घेतले नियमाचे. म्हणजे इथेही उसना अधिकारच! बँकेच्या नावाने 'नाही' म्हणालो आणि ते 'नाही' बँकेच्या खात्यावर टाकून घरी जेवायला गेलो. पण या फाईलीचा मालक कोण ते मला माहीत होते. तिथे चोन चालत नाही.

सोमवारी साहेबांशी बोललो आणि काम संपल्यावर फॉर्म घेऊन गुरुजींच्या घरी गेलो. मुलगा परगावी असतो, असे शेजारी कळले. 'मुलाला घेऊन या' म्हणणाऱ्या मला तेही विचारावेसे वाटले नव्हते. गुरुजी टेबलाशी बसले होते. समोर शंभर पानी वही, आणि पानेच्या पाने सह्या. आम्हाला शाळेत जसे 'शंभर वेळा लिहून आण' म्हणत, तशी त्यांनी स्वतःलाच शिक्षा केली होती.

"बघ रे," वही माझ्याकडे सरकवत ते म्हणाले, "कुठली जुळते का?"

एकही जुळत नव्हती. मी त्यांना अंगठ्याचे सांगितले. ते ताठ झाले. "जन्मभर अक्षर शिकवलं मी. अंगठा नाही लावणार." मग मी नव्या नमुन्याचे सांगितले. जुनी सही आता कोणी परत देऊ शकत नाही, नवी मात्र घेता येते.

"आणि ही वाकडी सही नमुना म्हणून चालेल?"

"तुमची आहे ना? मग चालेल."

दुसऱ्या दिवशी ते बँकेत आले. साहेबांनी कागद पाहिले, त्यांना खुर्ची दिली. गुरुजींनी फॉर्मवर सही केली, जरा लांब धरून पाहिली आणि म्हणाले, "काना कलला." माझा हात आपोआप डाव्या कानाकडे गेला.

आता गोष्ट इथे संपली असती तर मीही समाधानाने 'बेरीज जुळली' असे लिहिले असते. पण थरथरत्या हाताचा स्वभाव असा, की तो स्वतःच्या नव्या नमुन्याशीही पुरता इमान राखत नाही. दर महिन्याला सही थोडी वेगळी येते. पुढे कधीतरी तीही पुरणार नाही आणि अंगठ्याचा विषय पुन्हा काढावा लागेल. तो कसा काढायचा याची मी आत्तापासून मनात तालीम करतो. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायचा असतो. २०१४ पासून तो बोटाच्या ठशावर यंत्रानेही देता येतो, पण गुरुजींच्या बोटांच्या रेघा खडूने आणि रंगांनी झिजलेल्या. यंत्र एकदोनदा त्यांना जिवंत मानायला नकार देते. तेव्हा ते माझ्याकडे बघतात आणि मी त्यांच्यासाठी कागदाचा फॉर्म काढतो.

स्लिप आली की मी सही नमुन्याशी ताडून पाहतो. ते माझे काम आहे आणि ते सोडून चालणार नाही. फक्त हल्ली ताडून झाल्यावर मी एकदा मान वर करून समोरच्याकडे पाहतो. रांग त्यामुळे थोडी लांबते. मागचे घसा साफ करतात. करू देत.